काखेत कळसा, गावाला वळसा

उन्हाळ्याची किंवा दिवाळीची सुटी जवळ आली की मध्यमवर्गीय मराठी घरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. रजा प्रवास सवलतीचा हिशेब मांडला जातो, आणि बहुधा सिमला, उटी किंवा काश्मीर यांपैकी एकावर शिक्कामोर्तब होते. शाळांच्या सहलींचेही तसेच. वेरूळ, अजिंठा, महाबळेश्वर, रायगड ही मालिका पिढ्यान् पिढ्या चालत आलेली आहे. ती वाईट आहे असे मुळीच नव्हे. परंतु साऱ्या जगातील भूशास्त्रज्ञ ज्या जागेचे नाव आदराने घेतात, ती जागा आपल्याच बुलढाणा जिल्ह्यात असताना आपल्या सहलींच्या यादीत तिचे नाव अपवादानेच आढळावे, याला काय म्हणावे? काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण आपल्यासाठीच तर रचली गेली नाही ना, अशी शंका येते.

ही जागा म्हणजे लोणार. मात्र आजचा विषय केवळ लोणार सरोवर नाही; लोणारला नेणारी वाट हादेखील आहे. कारण अलीकडे या दोहोंचे भवितव्य एकमेकांत गुंतले आहे.

मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचे नागपूर-शिर्डी या टप्प्याचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले, आणि ५ जून २०२५ रोजी हा ७०१ किलोमीटरचा मार्ग संपूर्ण खुला झाला. तो सिंदखेड राजाजवळून जातो, मेहकरजवळून जातो. लोणारही तेथून फार दूर नाही. शेतमाल, रुग्ण, नोकरदार यांना या रस्त्याचा मोठा उपयोग आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ताशी शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या वेगाने कुंपणाआडून जाणाऱ्या प्रवाशाला जालना म्हणजे एक फलक, सिंदखेड राजा म्हणजे दुसरा फलक आणि बुलढाणा जिल्हा म्हणजे तासाभराची झोप, एवढाच अर्थ उरतो. त्या वेगाची दुसरी बाजूही याच जिल्ह्याने पाहिली आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवासी प्राणास मुकले. रस्ता चांगला की वाईट, हा वाद येथे घालावयाचा नाही. वेळ वाचवणे हेच प्रवासाचे एकमेव प्रयोजन मानले तर वाचवलेल्या वेळेचे आपण पुढे काय करतो, एवढेच विचारावयाचे आहे.

जुन्या वाटेवरचे थांबे

छत्रपती संभाजीनगरहून जालना, सिंदखेड राजा, दुसरबीड, बीबी, सुलतानपूर असा जो जुना रस्ता जातो, तो सुमारे दीडशे किलोमीटरचा आहे. लाल एसटीने जा किंवा स्वतःच्या वाहनाने जा, अर्ध्या दिवसाची वाट आहे. बदनापूर येथे कृषी संशोधन केंद्र लागते. बीडीएन ७११ या तुरीच्या वाणामागील 'बीडीएन' ही अक्षरे बदनापूरचीच आहेत. आपल्या ताटातील वरण कोणत्या गावाच्या शेतात तपासून निघाले, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी याहून सोयीची जागा कोणती? पुढे जालना. 'जालना सोने का पालना' ही तिथली जुनी म्हण. कापूस, बियाणे, पोलाद आणि मोसंबी यांनी ती वेगवेगळ्या काळांत खरी करून दाखवली. मोसंबीच्या हंगामात रस्त्याकडेला फळांचे ढीग मांडून बसलेले शेतकरी दिसतात. हिवाळ्यात हुरड्याचा धूर दिसतो. अशा जागी गाडी थांबवून चार शब्द बोलणारा प्रवासी बाजारभावाविषयी पाच मिनिटांत जे शिकतो, ते अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाच्या एका प्रकरणात सापडेलच असे नाही.

जालना सोडल्यावर एक सीमा ओलांडली जाते, तिची कोठे खूण नाही. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि जालना निजामाकडेच राहिले. तेव्हापासून शंभर वर्षे या दोन शेजारी मुलखांचे कायदे निराळे, शाळा निराळ्या आणि दरबारी भाषाही निराळी होती. आज एकाच राज्यातील ही दोन गावे आहेत. तरी चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवले तर सीमा ऐकू येते. 'का' या प्रश्नाचे 'काहून' होते, 'करतो आहे' याचे 'करून राहिला' होते. वऱ्हाड सुरू झाल्याची वर्दी नकाशाआधी जिभेने मिळते.

सिंदखेड राजा हे जिजाऊंचे जन्मस्थान. लखुजी जाधवांचा राजवाडा, मोती तलाव, चांदणी तलाव आणि मध्यभागी पाण्यात उभी असलेली तिची वास्तू, पुतळा बारव या साऱ्यांना मिळून किमान अर्धा दिवस द्यावयास हवा. १२ जानेवारीला येथे लाखो पावले येतात. उरलेल्या दिवसांत मात्र महामार्गावरून गाड्या सरळ निघून जातात. लखुजींना १६२९ साली देवगिरीवर निजामशहाच्या दरबारात पुत्र-पौत्रांसह दग्याने मारण्यात आले. त्यांची भव्य समाधी येथे आहे. तिच्या परिसरात जतनाचे काम चालू असताना २०२४ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाला जमिनीखाली एका मंदिराचे अवशेष आणि शेषशायी विष्णूचे अप्रतिम शिल्प आढळले. समाधी पाहावयास जावे आणि तिच्या पायाशी आणखी काही शतके जुना इतिहास उघडा पडावा, असा हा मुलूख आहे. याच परिसरात साखरखेर्डा आहे. तेथे १७२४ साली निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही राजवटीचा पाया घातला. म्हणजे जी सीमा आपण थोड्या वेळापूर्वी ओलांडली, तिचे मूळ याच रानात आहे. शेजारच्या देऊळगाव राजा तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते. खडकपूर्णा नदीवरील जलाशयाला त्यांचे नाव दिले आहे. गावकुसाबाहेर ठेवलेल्या संताच्या नावाचे पाणी आज अवघ्या गावांच्या शिवारात फिरते, ही गोष्ट क्षणभर थांबून विचार करण्याजोगी खचितच आहे.

उल्केचा घाव

सुलतानपूरहून आत वळले की बारा-तेरा किलोमीटरवर लोणार येते. भोवतीचा प्रदेश सपाट, सोयाबीन-कपाशीचा. येथे काही अद्भुत असेल असे वाटतही नाही. आणि अचानक जमीन संपते. पायाखाली एक प्रचंड वाटोळी कढई पसरलेली दिसते. तिचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आणि खोली काठापासून सव्वाशे-दीडशे मीटर. उतारावर दाट झाडी, तळाशी हिरवट पाणी. कड्यावरून पूर्ण फेरी मारावयाची तर साडेपाच-सहा किलोमीटर चालावे लागते.

लोकांनी या खड्ड्याचा अर्थ फार पूर्वी लावला. लवणासुर नावाचा दैत्य येथे भूमीखाली राहत असे. विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या बिळावरचे झाकण पायाने उडवले व त्याचा वध केला. त्याचे रक्त पाणी झाले आणि मांस क्षार झाले. गावातील दैत्यसूदन मंदिर, आपल्या हेमाडपंती वास्तूंत अग्रभागी शोभेल असे, याच कथेचे स्मारक आहे. कथा म्हणून हिला हसण्याचे कारण नाही. एखाद्या विलक्षण आघाताने जमिनीवरचे झाकण उडाले, ही मूळ कल्पना आधुनिक विज्ञानाच्या निष्कर्षापासून फारशी दूर नाही.

विज्ञानाला मात्र तेथवर पोहोचण्यास वेळ लागला. 'आईन-इ-अकबरी'मध्ये येथील क्षारांची आणि त्यांपासून होणाऱ्या साबणाची व काचेची नोंद आहे. १८२३ साली अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने सरोवराचे वर्णन केले. पुढे दीर्घकाळ हे ज्वालामुखीचे विवर समजले गेले, आणि तसे समजणे स्वाभाविक होते. सारे दख्खनच ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे बनले आहे. परंतु तो लाव्हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि विवर त्यामानाने अगदी कालचे. १९७३ साली 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकी व भारतीय भूशास्त्रज्ञांनी पुरावा मांडला. वेधन करून काढलेल्या खडकांत त्यांना अशी काच आढळली की जी केवळ प्रचंड आघाताच्या दाबानेच तयार होते. लोणार हे उल्कापाताने झालेले विवर आहे हे त्याने सिद्ध झाले. चंद्राचे काळसर डाग हेही बेसाल्टचेच असल्याने, चंद्रावरील विवरे समजून घेऊ पाहणाऱ्यांना हे एक पृथ्वीवरचे प्रतिरूपच सापडले. बेसाल्ट खडकात उल्केने कोरलेली, इतकी सुस्थितीत राहिलेली विवरे पृथ्वीवर बोटांवर मोजण्याइतकीही नाहीत.

वयाचा वाद तर प्रत्येक विद्यार्थ्याने अभ्यासावा असा आहे. एका पद्धतीने मोजले तर विवराचे वय सुमारे ५२,००० वर्षे निघाले. पुढे आर्गॉन वायूच्या समस्थानिकांवरून मोजले तेव्हा सुमारे ५,७०,००० वर्षे निघाले. दहापटीहून अधिक फरक! विज्ञान म्हणजे पाठ करावयाची उत्तरे नव्हेत, उत्तरे तपासण्याची पद्धत होय, हे याहून स्पष्ट करणारे उदाहरण शिक्षकांना शोधूनही मिळणार नाही.

आणि चमत्कार तरी किती! सरोवरातून पाण्याला बाहेर वाट नाही. आत आलेले पाणी बाष्प होऊन उडते, क्षार मागे राहतात. त्यामुळे पाणी खारट आणि अत्यंत अल्कधर्मी झाले आहे. अशा पाण्यात मासे नांदत नाहीत. सूक्ष्म जीव मात्र सुखाने नांदतात. काठावर मात्र गोड्या पाण्याची धार गोमुखातून बारमाही वाहते. तळाशी कमळजादेवीच्या देवळाजवळ सासू-सुनेची विहीर आहे. तिच्या एका बाजूचे पाणी गोड आणि दुसऱ्या बाजूचे खारट, असे सांगतात. सासू कोणती आणि सून कोणती, हा निर्णय ज्याने-त्याने आपापल्या घरच्या अनुभवावरून करावा. जवळच अंबर तलाव नावाचा छोटा खळगा आहे. उल्केचा एक तुकडा तेथे पडला असावा असा तर्क आहे. त्याच्या काठी मारुती चक्क निजलेला आहे. ती शिळा चुंबकीय असल्याची ख्याती आहे. बेसाल्टमध्ये चुंबकीय लोहखनिज असतेच, तेव्हा होकायंत्र घेऊन गेलेल्या मुलांची येथे चांगली करमणूक आणि त्याहून चांगला पाठ होतो.

२०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी एकाएकी गुलाबी झाले आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या देशाने लोणारचे नाव प्रथमच ऐकले. पाणी आटून क्षारता वाढली आणि क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांची संख्या फोफावली, त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगले, असा उलगडा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासाने झाला. त्याच वर्षी रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांत लोणारचा समावेश झाला.

मानाची पदे आणि दुखण्याची यादी

पदव्यांची वाण लोणारला कधीच नव्हती. भूशास्त्रीय राष्ट्रीय स्मारक हे पद आहे, २००० सालापासून अभयारण्य हे पद आहे, आता रामसर हे पद आहे. परंतु पदव्यांनी प्रकृती सुधारत नाही. गावाचे सांडपाणी विवराकडे उतरते ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. वेड्या बाभळीने उतारावरील मूळ झाडीत हातपाय पसरले. अनेक प्राचीन मंदिरांना पडझडीने ग्रासले आहे. या साऱ्याचा पाठपुरावा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर जनहित याचिकेने करावा लागला. जे काम नगरपालिका, वनखाते, पुरातत्त्व खाते व जिल्हा प्रशासन यांनी एका टेबलाभोवती बसून करावयाचे, ते करून घेण्यास न्यायाधीशांना तारखा द्याव्या लागाव्यात, ही भूषणावह गोष्ट नव्हे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. एरवी तलावात गोडे पाणी वाढले की आपण आनंदतो. लोणारचे मर्म त्याच्या खारेपणात आहे. भोवतालच्या शेती-वस्तीतून गोड्या पाण्याचा ओघ वाढला आणि पातळी चढली, तर काठावरची मंदिरे पाण्यात जातातच, शिवाय पाण्याची अल्कता उतरते आणि हजारो वर्षे त्या विशिष्ट पाण्यात रुळलेले सूक्ष्मजीवन नाहीसे होऊ शकते. म्हणजे पाणी डोळ्यांना भरलेले दिसेल आणि सरोवर मात्र मेलेले असेल. सामान्य तलावाचे नियम लावून या असामान्य तलावाचे रक्षण होणार नाही.

उत्तरेकडे

लोणार पाहून आल्या वाटेने परत फिरू नये. मेहकरला १८८८ साली जमिनीखालून निघालेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ती पाहावी, पैनगंगा ओलांडावी आणि चिखलीवरून बुलढाण्याच्या थंड माथ्यावर यावे. तेथून खामगावकडे जाणारा बोथ्याचा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून उतरतो. सागाचे, अंजनाचे हे रान पावसाळ्यानंतर हिरवेगार असते आणि उन्हाळ्यात हाडाच्या सांगाड्यासारखे उघडे पडते. अभयारण्य अवघे २०५ चौरस किलोमीटरचे; पण २०१९ साली एका तरुण वाघाने त्याची निवड केली. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून तो जूनमध्ये निघाला, तेलंगणातून, मराठवाड्यातून, शेते, नाले आणि रस्ते ओलांडीत सुमारे १,३०० किलोमीटर चालला, आणि डिसेंबरात येथे पोहोचला. गळ्यातील पट्ट्यामुळे त्याचे प्रत्येक पाऊल नोंदले गेले. महामार्गांचे जाळे विणताना आपण माणसांच्या वाटांचा हिशेब करतो. रानाच्याही वाटा असतात, हे त्या मुक्या प्रवाशाने आपल्या पायांनी लिहून दाखवले.

खाली उतरले की चांदीच्या व्यापाराचे खामगाव, आणि पुढे नांदुऱ्याला राष्ट्रीय महामार्गाच्या कडेला १०५ फुटी हनुमान. लोणारचा मारुती निजलेला, नांदुऱ्याचा ताठ उभा. एकाच जिल्ह्यातील या दोन मूर्तींना एका दिवसात नमस्कार करणारा प्रवासी क्वचितच सापडेल. त्यापलीकडे उत्तर क्षितिजावर सातपुड्याची निळी भिंत आणि तिच्या कुशीतील अंबाबरवा अभयारण्य. मेळघाटचे अरण्य तेथून सुरू होते.

दूरचे एक उदाहरण

अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यात असेच एक उल्काविवर आहे. त्याचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर, म्हणजे लोणारहून लहान. त्याच्या जवळून '६६ क्रमांकाचा मार्ग' जात असे. १९२६ साली सुरू झालेल्या त्या मार्गावर गावोगावी खाणावळी, छोटी विश्रामगृहे, रस्त्याकडेची नाना तऱ्हेची गमतीदार प्रदर्शने उभी राहिली. पुढे वेगवान आंतरराज्य महामार्ग आले, वाहतूक त्यांवर वळली, आणि १९८५ साली तो मार्ग अधिकृत यादीतून काढून टाकण्यात आला. कित्येक छोटी गावे ओस पडली. मग लोकांना जाग आली. आज त्या मार्गाचे तुकडे ऐतिहासिक वारसा म्हणून जपले जातात. परंतु जी गावे मधल्या काळात उजाड झाली ती परत उभी राहिली नाहीत. आपला जालना-मेहकर रस्ता अद्याप ओस पडलेला नाही. हरवल्यावर जपण्यापेक्षा असताना जपणे स्वस्त पडते, एवढा धडा तरी आपण फुकटात घ्यावा.

त्यासाठी कोट्यवधींच्या योजना लागतात असे नाही. महामार्गाच्या उतरण्याच्या जागी सिंदखेड राजा, लोणार, मेहकर यांची नीट मराठी माहिती देणारे फलक हवेत. जुना रस्ता खड्ड्यांवाचून राहावा आणि त्यावरील एसटीच्या फेऱ्या महामार्गाच्या नावाखाली कमी होऊ नयेत. गावातील मुलांना भूशास्त्राचे व इतिहासाचे शिक्षण देऊन मार्गदर्शक म्हणून उभे करावे. म्हणजे सरोवराचे रक्षण हा त्यांच्याही पोटापाण्याचा प्रश्न होईल. आणि सांडपाण्याचा एक थेंबही विवरात उतरणार नाही, याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्याच्या नावावर असावी. जबाबदारी सर्वांची असली की ती कोणाचीच नसते, हे कचेरीत काम करणाऱ्या वाचकांना सांगावयास नको.

काही गोष्टी मात्र सरकारकडे न मागता करता येतात. मराठवाडा-विदर्भातील प्रत्येक माध्यमिक शाळेने दहावीपूर्वी एकदा तरी मुलांना लोणारला न्यावे. भूगोलाच्या शिक्षकाने विवर समजावून सांगावे, इतिहासाच्या शिक्षकाने सिंदखेड राजा, विज्ञानाच्या शिक्षकाने पाण्याची अल्कता मोजून दाखवावी, आणि मराठीच्या शिक्षकाने टपरीवरच्या बोलीकडे मुलांचे कान वळवावेत. चार विषयांचा अभ्यासक्रम दीडशे किलोमीटरांत मांडून ठेवलेला आहे. कारकुनाने आपली सवलत एखाद्या वर्षी याच वाटेवर खर्च करावी. काठावर प्लास्टिक टाकू नये, दगड खिशात घालू नयेत, देवळाच्या भिंतीवर नाव कोरू नये, एवढी शिस्त मुलांनी पाळली तरी ते सरोवराला मिळालेले मोठेच दान ठरेल.

आकाशातून आलेल्या एका दगडाने क्षणार्धात जे घडवले, ते लाखो वर्षे ऊन-पावसात टिकले. ते बिघडवण्यास आपल्या एका पिढीचे दुर्लक्ष पुरेसे आहे. ती पिढी आपली असू नये, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.